मोरोक्कोतल्या मर्राकेशहून वाळवंटाकडे: मेर्झूगा की झागोरा?

दोन्ही वाटा आधी ॲटलास पर्वतातला २२६० मीटर उंचीचा तिझी न तिश्का घाट चढतात आणि वार्झाझात शहरापाशी फुटतात.

पूर्वेची वाट मेर्झूगाची, सुमारे ५६० किलोमीटर. तिनघिरची खजूरराई मागे पडली की तोद्राची घळ येते. दोन्हीकडे ३०० मीटरपर्यंत उभे कडे, मधे अरुंद फट, तळाशी गार पाणी. इथे घाई करू नका, एक मुक्काम कराच! पुढे एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्या थेट मेर्झूगा गावाला लागूनच सुरू होतात, दीडशे मीटरपर्यंत चढतात.

झागोरा जवळ. द्रा नदीकाठची खजुराची झाडं देखणी, पण मोठ्या टेकड्या, म्हणजे एर्ग शिगागा, महामिद गावाच्याही पुढे; तिथे जीपनेच जायचं. दोनच दिवस असतील तर झागोरा. तीन असतील तर मेर्झूगाच, तेही तोद्रासाठी.