शिमानामी की तोयामा बे? सायकल आणि मासे दोन्ही हवे असतील तर

जपानला समुद्राकाठी सायकल चालवायचीय आणि ताजे मासेही खायचेत तर माझ्या मते दोनच रूट. शिमानामी काइदो, ओनोमिची ते इमाबारी, साधारण ७० किमी, एका बेटावरून दुसऱ्यावर पुलांनी जायचं, रस्त्यावर निळी रेघ आखलीय त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही, चढ अगदी हलके, आणि कुरुशिमाचा पूल तर जवळपास ४ किमी, खाली पाणी गरगर फिरताना दिसतं. भाड्याची सायकल दुसऱ्या टोकाला सोडता येते हे भारीच. जेवायला ताईमेशी, अख्खा ताई मासा (सी ब्रीम) भातात शिजवलेला, झाकण उघडलं की वाफेसकट तो वास, अहाहा!

दुसरा रूट तोयामा बे, म्हणजे तोयामाच्या खाडीकाठचा, हिमी ते आसाही, १०२ किमी, बराचसा सपाट, खाडीपलीकडे बर्फाचे तातेयामा डोंगर. पण खरी मजा ताटात. हिवाळ्यात हिमीची चरबीदार बुरी म्हणजे यलोटेल मासा, वसंतात होतारुइका म्हणजे चमकणारे छोटे स्क्विड, आणि शिरोएबी, बोटाएवढी गुलाबीसर पारदर्शक कोळंबी, तिची कुरकुरीत भजी. बुरीच्या सीझनला मात्र तिकडे बर्फ पडतो, सायकलसाठी एप्रिल-मेच बरा.

पहिल्यांदा जाताय तर शिमानामी करा, पण माशांसाठीच चाललाय तर डोळे झाकून तोयामा.