बाजारातली पत्रकं की शेजारचा डबा?

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 साली सुरू झालं. तेव्हापासून सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगायच्या दोन वाटा दिसतात.

आठवडी बाजारात पत्रकं वाटली की तासाभरात शंभरेक हात गाठता येतात. पण आमच्याकडं माणूस आधी भाषा बघतो. मराठी पत्रक कन्नडवाल्याच्या हातात गेलं की उलटंसुलटं करून परत येतं. एकदा मीच वाटलेल्या पत्रकात बांधलेल्या शेंगा माझ्याच पिशवीत आल्या! (शेंगा खमंग होत्या.)

डब्याला वेळ लागतो. शेजारच्या आजी दवाखान्यात होत्या तेव्हा आमच्या घरातनं रोज डबा जायचा: मऊ भाकरी, कमी मिठाची आमटी. प्रभूचं नाव आम्ही काढलं नाही. नवव्या दिवशी आजीच म्हणाल्या, "तुमी जेवायच्या आधी डोळे मिटून काय म्हंताय ओ?" मग बोललो, डबा पुसता पुसता.

बायबलातलं मत्तय 28:19 'जाऊन शिष्य करा' म्हणतं, तर 5:16 सत्कर्मं लोकांना दिसू द्या म्हणतं. माझा कौल डब्याला. धोका एकच: कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत माणूस वर्षानुवर्षं गप्प बसतो. मी सहा वर्षं बसलो होतो.