त्रिनिदाद की बार्बाडोस: राजकीय जोखीम कुठे जास्त?

कागदावर दोघांत फारसा फरक नाही. ब्रिटिश वळणाची दोन सभागृहांची संसद, कारभार पंतप्रधानाच्या हाती, राष्ट्रपती बव्हंशी नामधारी. त्रिनिदाद-टोबॅगो १९७६ साली प्रजासत्ताक झाला, बार्बाडोस थेट २०२१ मध्ये.

त्रिनिदादमध्ये सामना अटीतटीचा असतो आणि मतांवर भारतीय वंशाचे की आफ्रिकी वंशाचे याची छाप असते. २००१ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांना ३६ पैकी १८-१८ जागा पडल्या आणि ‘नामधारी’ राष्ट्रपती आर्थर रॉबिन्सन यांच्या हाती सगळा निकाल आला. त्यांनी पदावरच्या बासदेव पांडे यांना डावलून पॅट्रिक मॅनिंग यांना पंतप्रधान केलं. पण संसदेला सभापतीही निवडता येईना. २००२ मध्ये पुन्हा निवडणूक! हेच रॉबिन्सन १९९० च्या फसलेल्या उठावात पंतप्रधान होते. बंडखोरांनी त्यांना संसदेतच ओलीस धरून पायात गोळी घातली होती. आता बंडाची भीती वाटत नाही, पण टोळीयुद्धांपायी २०२४ च्या अखेरीस आणीबाणी लावावी लागली.

बार्बाडोसची तऱ्हा उलटी. पंतप्रधान मिया मॉटली यांच्या पक्षाने २०१८ आणि २०२२ मध्ये ३० पैकी ३० जागा जिंकल्या. दोन्ही वेळा पुढे त्यांच्याच बाकावरचा एक जण फुटला, तेव्हा कुठे विरोधी पक्षनेता मिळाला! गुंतवणूकदाराला हे स्थैर्य आवडतं, पण २०१८ मध्ये याच देशाने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले होते.

माझ्या मते त्रिनिदादचा धोका रस्त्यावर आहे, बार्बाडोसचा तिजोरीत. पैसे गुंतवायचे तर मी बार्बाडोस निवडेन. सरकारला जाब विचारणारी संसद हवी असेल तर त्रिनिदाद.