सीएनजी पिकअपला कोणता प्लग घ्यावा: साधा निकेल, प्लॅटिनम की इरिडियम?

मागच्या जुलैत पहाटे वाशी मार्केटमधून भाजी भरून निघालो होतो. हौद्यात सहाशे किलोच्या वर माल, बाहेर मुसळधार पाऊस. खाडीपुलाच्या चढावर गाडी मिस मारायला लागली. गॅसवर झटके, बटण दाबून पेट्रोलवर घेतली की बरी, पुन्हा गॅसवर टाकली की पुन्हा झटके. भायखळ्याला कसाबसा माल पोचवला आणि दुपारी सीट उचलून चारही प्लग काढले. दिसायला एकही खराब नव्हता. कोरडे, स्वच्छ, राखाडी-पांढरे. इलेक्ट्रोडमधली फट मोजायचा पातळ पट्ट्यांचा फिलर गेज घातला तेव्हा कारण सापडलं. जिथे ०.८ मिलिमीटरची पट्टी जेमतेम घासत जायला हवी, तिथे १.१ ची पट्टी सैल आरपार जात होती. मधल्या इलेक्ट्रोडच्या धारदार कडा झिजून गोल झाल्या होत्या. चूक माझीच, प्लग बदलायची वेळ कधीच उलटून गेली होती.

नवे प्लग घ्यायला गेलो तर चार दुकानांत चार सल्ले मिळाले. मुंबईत सीएनजीवर पिकअप चालवणाऱ्याला हा निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावाच लागतो, म्हणून मी जे पारखून घेतलं ते इथे सविस्तर लिहितो. डिझेल पिकअपवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. असतो तो ग्लो प्लग, आणि त्याचं काम वेगळं.

आधी गॅसवर प्लग लवकर का जातो ते बघू, कारण निवड त्यावरच ठरते. पेट्रोल थेंबांच्या रूपात आत येतं आणि वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतं. सीएनजी मुळातच वायू, त्यामुळे तो थंडावा मिळत नाही. त्यात मिथेन पेटायला हट्टी, त्याला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं. व्होल्टेज जास्त म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडचे कण जास्त उडणार. कण उडाले की दोन इलेक्ट्रोडमधली फट, म्हणजे गॅप, वाढते, गॅप वाढली की आणखी व्होल्टेज लागतं. भरलेल्या गाडीला चढावर हे सगळ्यात आधी जाणवतं, कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबाखाली ठिणगी पडणं अवघड होतं. रिकामी गाडी सिग्नलला शांत उभी राहते आणि माल घेऊन पुलावर चढली की अडखळते, ते यामुळेच. ही वाढलेली मागणी पुरवताना कॉइलवर, म्हणजे प्लगला व्होल्टेज देणाऱ्या भागावर, ताण येतो, आणि एक कॉइल गेली तर साध्या प्लगचे कित्येक सेट आले असते एवढा खर्च होतो. मिस मारणारी गाडी महिनाभर तशीच रेटू नका.

धातूच्या आधी नंबर

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘निकेल की इरिडियम’ हा नसावा. पहिला प्रश्न: माझ्या गाडीच्या पुस्तिकेत कोणता नंबर आहे? एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११ हा नंबर उदाहरणादाखल घेऊ. बीके म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ चा पाना. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, म्हणजे ठिणगीचा त्रास गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला होत नाही. ६ ही हीट रेंज, म्हणजे प्लग टोकाची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा; लवकर टाकणारा तो थंड, हळू टाकणारा गरम. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. यातलं एक अक्षर चुकलं तर प्लग बसणारच नाही, किंवा बसेल पण चुकीचा बसेल. आटे लांब असलेला प्लग तर पिस्टनला लागू शकतो.

हीट रेंजमध्ये अनेक जण फसतात. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या मध्ये राहायला हवं. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, त्यावर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशमध्ये नेमकं उलट, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एनजीकेचा ६ आणि डेन्सोचा २० साधारण एका पातळीचे. बॉशचा ७ त्यांच्या जवळपास येतो. काउंटरवरचा मुलगा घाईत ‘सहाच्या जागी सहा’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग देतो, तेव्हा त्याला थांबवा आणि कंपनीचा तुलनेचा तक्ता बघायला सांगा. ‘गॅसची गाडी आहे, एक नंबर थंड टाका’ असं सांगणारेही भेटतात. कंपनीतूनच सीएनजी लागून आलेल्या गाडीत हे करू नका, तिचा नंबर गॅस धरूनच ठरवलेला असतो. बाहेरून किट बसवलेली गाडी असेल तर किटवाल्याला विचारा, आणि विशेषतः गॅप विचारा. पेट्रोलवर १.० ते १.१ चालणारी गॅप गॅसवर बहुधा ०.७ ते ०.८ वर आणावी लागते.

निकेल, प्लॅटिनम, इरिडियम

साध्या प्लगला बाजारात कॉपर म्हणतात, काही जुने मिस्त्री अजून ‘मायको प्लग’ म्हणतात. बंगळुरूची मायको २००८ मध्ये बॉश झाली तरी तोंडातलं नाव गेलेलं नाही. या प्लगच्या गाभ्यात तांबं असतं, पण ठिणगी ज्या टोकावर पडते ते निकेलच्या मिश्रधातूचं. टोक साधारण अडीच मिलिमीटर जाड. निकेल १४५५ अंशांना वितळतं, म्हणून गॅसवर ते लवकर झिजतं. माझ्या अनुभवात भरलेल्या गाडीला १५ ते १८ हजार किलोमीटर हा त्याचा खरा पल्ला. त्याची मोठी सोय अशी की गॅप हाताने नीट करता येते. पट्टी घालायची, बाहेरचा इलेक्ट्रोड हलके दाबायचा, पुन्हा पट्टी घालायची.

प्लॅटिनमचा वितळणबिंदू १७६८ अंश, त्यामुळे टोक जास्त टिकतं. तरी पिकअपसाठी मी प्लॅटिनमला तिसरा नंबर देतो. एकेरी प्लॅटिनममध्ये फक्त मधलं टोक प्लॅटिनमचं असतं, समोरचं निकेलच. ज्या इंजिनात एक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते तिथे एका प्लगमध्ये ठिणगी उलट दिशेने उडते आणि समोरचं निकेल झिजतं. तुमच्या इंजिनात कॉइल किती आणि प्लग किती ते मोजा. कॉइल निम्म्या असतील तर दुहेरी, म्हणजे दोन्ही टोकं प्लॅटिनमची असलेला प्लगच घ्यावा लागतो, आणि त्या पैशात इरिडियमच्या जवळ पोचतो. पुस्तिकेत दुहेरी प्लॅटिनम लिहिला असेल तर तो जरूर घ्या, एरवी त्याच्या मागे लागू नका.

इरिडियम २४४६ अंशांना वितळतं आणि खूप कठीण असतं. म्हणून टोक बारीक करता येतं, ०.६ किंवा ०.४ मिलिमीटरपर्यंत. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. गॅसवर आपल्याला नेमकं हेच हवं आहे.

पण ‘इरिडियम’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि यावर मला दुकानात कुणीच नीट सांगितलं नाही. एका प्रकारात मधलं टोक इरिडियमचं आणि समोरचं निकेलचं. एनजीकेचा इरिडियम आयएक्स आणि डेन्सोचा इरिडियम पॉवर असे आहेत. ते चांगली, जोरकस ठिणगी देण्यासाठी बनवलेत, लांब टिकण्यासाठी नाहीत. दुसऱ्या प्रकारात समोरच्या इलेक्ट्रोडवरही प्लॅटिनमचा ठिपका असतो, जसे एनजीकेचे लेझर इरिडियम किंवा डेन्सोचे इरिडियम टीटी. ‘लाख किलोमीटर’ म्हणतात ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल, तेही पेट्रोलवर. मोटरसायकलवाल्यांच्या दुकानात बहुतेक पहिला प्रकार मिळतो. रोज माल वाहणाऱ्या गाडीला तो घेऊन पैसे वाया जातात. मधलं टोक शाबूत राहतं आणि समोरचं निकेल तेवढंच झिजतं. प्लग हातात घ्या, समोरच्या इलेक्ट्रोडच्या आतल्या बाजूला छोटा चकचकीत ठिपका दिसतो का ते बघा.

पैशांचा हिशोब

माझी गाडी महिन्याला दोन हजार किलोमीटर धावते. साध्या प्लगला मी नगामागे दीडशे रुपये दिले, दुहेरी टोकाच्या, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या, इरिडियमला साडेसातशे. मजुरी तीनशे. साध्या प्लगचा सेट मजुरीसह ९००, आणि ५४ हजार किलोमीटरला तीन सेट, म्हणजे २,७००. इरिडियमचा एक सेट ३,३००, आणि गॅसवर तो ५०-५५ हजार टिकेल असं मी धरलं. निव्वळ रुपयांत साधा प्लग सहाशेने स्वस्त. दुकानदार म्हणतो तसं ‘इरिडियमने पैसे वाचतात’ हे चार सिलिंडरच्या गाडीला सरळ खरं नाही.

पण साध्या प्लगला तीनदा गाडी अडते, इरिडियमला एकदा. इंजिन सीटखाली, त्यामुळे सीट आणि झाकण काढणं आलंच, आणि गॅरेजमध्ये नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो. माझं एक भाडं बुडालं की ते सहाशे रुपये तिथेच भरून निघतात. शिवाय साध्या प्लगचे शेवटचे तीन-चार हजार किलोमीटर गाडी हळूहळू मवाळ होत जाते. चालकाला ते रोजच्या सवयीने कळत नाही, तो नुसता जास्त अ‍ॅक्सिलरेटर देतो आणि गॅस जास्त जळतो. जे स्वतः प्लग बदलतात आणि दर पाच हजारांना गॅप तपासायची शिस्त पाळतात, त्यांनी बिनधास्त निकेल वापरावेत. चालक ठेवून गाडी चालवणाऱ्याने इरिडियम घ्यावेत.

एक अपवाद पक्का. गाडी ऑइल खात असेल, प्लगचं टोक ओलं आणि काळं निघत असेल, तर इरिडियमला हात लावू नका. ऑइलचा थर बसला की महागडा प्लगही तसाच बंद पडतो.

कुठून घ्यायचे

ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात भाव बरा मिळतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जवळपास हवी ती वस्तू मिळते, आणि कंपनीच्या अधिकृत काउंटरवर दर थोडा जास्त असतो. साधे प्लग मी बाजारातून घेतो. इरिडियम मात्र अधिकृत काउंटरवरूनच, पक्क्या बिलासह. याचं कारण एका दुकानातून मी आणलेला सेट. डबा हुबेहूब, होलोग्रामसुद्धा. घरी टेबलावर अस्सल प्लगशेजारी ठेवला तेव्हा फरक दिसला. पांढऱ्या चिनी मातीवरची छपाई नखाने पुसट होत होती. आट्यांवरून बोट फिरवलं तर खरखर लागली. वॉशर सहज निघून हातात आला, अस्सल प्लगवर तो अडकून बसवलेला असतो. आणि ‘इरिडियम’चं टोक म्हणजे निकेलच घासून बारीक केलेलं, वेल्डिंगची बारीक रेघ कुठेच नाही. आता मी दुकानातच डबा उघडून या चार गोष्टी बघतो.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड हवं. आपल्याकडे पावसाळ्यात प्लगच्या खळग्यात चिखलपाणी साचतं, ते हवेने उडवल्याशिवाय जुना प्लग काढू नका, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये जातं. नवा प्लग पान्याने सुरू करायचा नाही. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या मागच्या टोकाला खोचायचा आणि बोटांनी फिरवायचा. आटे वाकडे लागले तर नळी आपोआप घसरते, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाचतं. १४ मिलिमीटरच्या प्लगला टॉर्क २५ ते ३० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा फिरवून थांबायचं. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने पाना जास्त फिरतो आणि आटे जातात. इरिडियमची गॅप नाण्यासारख्या गोल गेजने कधीच तपासू नका, टोक तुटतं.

मी चार सिलिंडरच्या गाडीत दुहेरी टोकाचे इरिडियम टाकले आणि सीटखाली टेप चिकटवून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिले. दहा हजारांनंतर एक प्लग काढून बघितला, ०.८ ची पट्टी पहिल्यासारखीच घासत गेली. आमची दुसरी, दोन सिलिंडरची जुनी गाडी थोडं ऑइल खाते. तिला साधे निकेलच ठेवलेत, दर पंधरा हजारांना बदलतो. दिवाळीनंतर तिच्या पिस्टनच्या रिंगा बदलायच्या आहेत, तिचा निर्णय त्यानंतर.