दोन लिटरचं ओकचं पिंप आणि टकिला: आठ महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात दोन लिटरचं ओकचं पिंप मागवलं. ह्यूस्टनला राहतो, इथे ऑनलाइन सहज मिळतं. बेत असा की स्वस्तातली ब्लांको, म्हणजे लाकडात न मुरवलेली टकिला आणायची, घरीच मुरवायची आणि रेपोसादोचे, म्हणजे लाकडात मुरवलेल्या टकिलाचे जास्तीचे पैसे वाचवायचे. पैसे वाचले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

पिंप आलं तसं भरायचं नाही. आधी पाणी भरून ठेवायचं, म्हणजे फळ्या फुगतात आणि फटी बुजतात. माझं दोन दिवस तोटीपाशी ठिबकत होतं, खाली परात. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आपोआप थांबलं.

मग शंभर टक्के अगावेची ब्लांको ओतली. अगावे म्हणजे घायपाताच्या जातीची वनस्पती, टकिला तिच्यापासूनच बनते. बाटलीवर तसं लिहिलेलं नसेल तर ज्या साखरेपासून दारू बनते तिच्यातली ४९ टक्क्यांपर्यंत दुसऱ्या कशाचीही असू शकते. मग लाकडाने अगावेचं काय केलं ते कळणार कसं? माझ्या ब्लांकोत मिरीचा झणका होता, ओल्या गवताचा वास होता आणि मागे भाजलेल्या रताळ्याचा गोडवा. तो शिजवलेल्या अगावेच्या गड्ड्याचा. बायको पहिला घोट घेऊन एवढंच म्हणाली, "एकादशी!"

दर रविवारी तोटीखाली चमचा धरायचो, शेजारी मूळ ब्लांकोचा चमचा. आठवड्याभरात रंग फिक्या चहासारखा झाला आणि गवताचा वास दबला. तिसऱ्या आठवड्यात खरी मजा आली. मिरी मऊ झाली, व्हॅनिला आणि जरा दालचिनी आली, रताळं मात्र जागेवर. तेव्हाच काढायला हवी होती, पण हाव सुटली. सहाव्या आठवड्यात सुताराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं. जिभेवर उकळून उकळून काढलेल्या कोऱ्या चहाचा तुरटपणा, आणि अगावे गायब. निम्मी ताजी ब्लांको मिसळली तेव्हा कुठे रताळं पुन्हा डोकावलं.

मेक्सिकोच्या नियमाप्रमाणे रेपोसादो किमान दोन महिने आणि आन्येहो किमान एक वर्ष लाकडात राहते; आन्येहोचं पिंप ६०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. तिथली बरीच पिंपं बर्बन या अमेरिकन व्हिस्कीसाठी वापरून झालेली, साधारण २०० लिटरची. म्हणजे लाकडाचा पहिला जोर बर्बननेच घेतलेला असतो. माझं पिंप नवंकोरं, आतून जाळलेलं. शिवाय इतक्या छोट्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा संपर्क २०० लिटरवाल्याच्या जवळजवळ साडेचार पट येतो. त्यामुळे लाकूड झटपट उतरतं, पण मुरायला लागतो तो वेळच. हवा हळूहळू आत येते, धार बोथट होते, ते काही सहा आठवड्यांत होत नाही. माझी टकिला रंगाने आन्येहो झाली, घशाला मात्र पहिल्यासारखीच जाळत होती.

दुसरा भरणा पाच आठवड्यांनी काढला, तिसरा नऊ. दर भरण्याला लाकूड थकत गेलं आणि चव सुधारत गेली! पिंप जुनं व्हावं म्हणून वाट बघायची, हे विकताना कोणी सांगत नाही.

गराजमध्ये ठेवू नका. टेक्ससच्या उन्हाळ्यात पहिल्याच महिन्यात पाव लिटर गेली, थोडी लाकडाने प्यायली, बाकी उडाली. रिकामंही ठेवू नका. दोन भरण्यांमध्ये चार दिवस कोरडं राहिलं तर लोखंडी पट्ट्या सैल झाल्या, परत पाणी, परत परात.

ज्यांना व्हॅनिला आवडतो त्यांनी जरूर घ्यावं. अगावेसाठी टकिला पिणाऱ्यांनी हेच पैसे चांगल्या ब्लांकोवर घालावेत. माझा चौथा भरणा सध्या अकराव्या आठवड्यात आहे. रंग अजून फिकाच, रताळं शाबूत.