सहा महिने ऐकतेय, दोनदा ऐकून झाली: बारभाईंच्या कारस्थानावरची ऑडिओ कादंबरी

गणपतीत ऐकायला सुरुवात केली होती आणि आता होळी आली. मधे एकदा पूर्ण झाली, मग परत पहिल्या भागापासून लावली, कारण पहिल्यांदा ऐकताना मी फक्त पुढे काय होतं याच्या मागे धावत होते आणि त्या दोघींमधलं बरंच काही निसटलं होतं.

गोष्ट १७७३ ची. ३० ऑगस्टला, ऐन गणपतीच्या दिवसात, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, तेव्हा ते अवघे १८ वर्षांचे होते. त्यांचे काका राघोबादादा गादीवर आले, पण नारायणरावांच्या मागे त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या आणि त्या पोटातल्या बाळाच्या भरवशावर सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकमामा पेठे वगैरे मंडळी गुपचूप एकत्र आली, तेच हे बारभाई. हे सगळं आपण शाळेत वाचलंय. घरात कोणाचा कोणाला मेळ नसला की अजूनही बारभाईचा कारभार म्हणतो. पण इथे गोष्ट त्या बारा जणांची नाहीच, त्यांचे निरोप वाड्यात आतबाहेर नेणाऱ्या दोन बायकांची आहे. एक सरदाराची धाकटी लेक, नवीन लग्न झालेली, आणि दुसरी तिचीच मोठी चुलतबहीण, जिला ती अक्का म्हणते, लहानपणीच विधवा झालेली. दोघी काल्पनिक आहेत, पण एकाच घरात वाढलेल्या दोन मुली एकमेकींवर कशा जळू शकतात ते इतकं खरं लिहिलंय की मला मधेच थांबवून श्वास घ्यावा लागला.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की दोघींना हवंय एकच. गंगाबाई सुखरूप राहाव्यात. भांडण आहे ते कोणावर जास्त विश्वास टाकला जातो याचं. गुप्त कटात पैसा नाही, पद नाही, कोणी उघड शाबासकी देणार नाही, मग तिथे माणसाची किंमत कशावरून कळणार, तर पुढचा निरोप कोणाच्या हातात दिला यावरून. धाकटीला प्रत्येक घरचं हळदीकुंकू उघडं, संक्रांतीला ती दहा वाड्यांमधून फिरते, वाणाच्या सुपात चिठ्ठी घालते, कोणाला शंका येत नाही. अक्काला त्यातलं एकही दार उघडत नाही, पण गंगाबाई स्वतः विधवा झाल्यात, त्यांच्या खोलीत आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, नेसलेल्या बाईनेच जाऊन बसायचं, तिथे ही नटलेली सवाष्ण कशी जाणार. म्हणजे जे दार एकीला बंद ते दुसरीला उघडं. आणि दोघींना वाटतं की खरं महत्त्वाचं दार दुसरीकडे आहे! भाग २३ मध्ये धाकटी वाण लुटून घरी येते, भरजरी शालू, हातभर चुडा, आणि माजघरात अक्का अंधारात बसून विचारते, "मिळालं का उत्तर?" आणि ही मुद्दाम सांगत नाही. उत्तर कनवटीला असून सांगत नाही. त्या एका रात्रीच्या उशिरामुळे पुढे काय होतं ते लिहीत नाही, ऐका.

आई मेथी निवडताना माझ्या फोनवरून ऐकायची, तिला इतिहासात फारसा रस नाही. पण अक्काच्या एका प्रसंगानंतर म्हणाली, "त्या बाईकडे कोणी बघतच नाही गं, म्हणून तर ती सगळीकडे पोचते." मला हे तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकताना मी प्रत्येक प्रसंगात अक्का कुठे उभी आहे तेच शोधत होते, आणि ती खरंच असते, पहिल्या भागापासून असते.

आता त्रासाचं. मी रोज स्वारगेटहून मेट्रोने जाते, मंडई आणि कसबा पेठ दोन्ही स्टेशनं जमिनीखाली, तिथे नेट नीट लागत नाही म्हणून भाग डाउनलोड करून ठेवायचे, तर कादंबरी ज्या अ‍ॅपवर आहे ते अपडेट झालं की डाउनलोड केलेलं सगळं उडतं. तीनदा झालं. शनिवारवाडा जवळ आला असताना कानात शनिवारवाडाच चालू असावा आणि नेमका तेव्हा आवाज बंद, खूप चिडचिड होते. कस्टमर केअरला दोन मेल केले, उत्तर एकाचंच आलं, तेही तयार छापातलं.

लिखाणातही काही गोष्टी खटकल्या. सुरुवातीच्या भागांत पात्रं "दोन मिनिटांत आलो" म्हणतात, १७७३ मध्ये पुण्यात कोण मिनिटं मोजत होतं, घटका पळं होती ना. पुढे ते सुधारलंय, १२ व्या भागापासून घटका आणि प्रहर येतात. एके ठिकाणी पाहुण्यांना चहा दिलाय तो मात्र तसाच राहिलाय. आणि मार्च १७७४ मध्ये राघोबादादांशी झालेल्या कासेगावच्या लढाईचे चार भाग लांबलेत, त्रिंबकमामा त्यात जातात ते मनाला लागतं, पण दोघी बहिणी त्यात नाहीतच, मग गोष्ट सैल पडते. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंना मात्र उगाच राक्षसीण केलेलं नाही, ध चा मा (हुकमातलं 'धरावे' त्यांनी 'मारावे' केलं) हे लोक काय बोलतात म्हणून येतं, तेवढंच, हे मला फार पटलं.

जानेवारीत आम्ही पुरंदरला गेलो, दिवे घाटातून सासवड आणि पुढे नारायणपूर. गड लष्कराकडे आहे, ओळखपत्र घेऊन जा. गंगाबाईंना बारभाईंनी १७७४ च्या जानेवारीतच इथे हलवलं होतं, सोबत पार्वतीबाई होत्या, पानिपतात गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी, आणि १८ एप्रिलला गंगाबाईंच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा जन्म याच गडावर झाला. मुलगी झाली तर बदलता यावं म्हणून आणखी गरोदर बायका गडावर नेल्या होत्या अशी त्या वेळी वदंता होती, कादंबरीत अक्काला नेमकं तेच काम दिलंय, त्या बायकांची व्यवस्था बघायची. वर इतकी थंडी आणि वारं होतं की शाल घेऊनही दात वाजत होते, केदारेश्वराच्या पायऱ्यांवर बसून मी भाग ३१ परत लावला. तिथे अक्का त्यातल्या एका मुलीच्या पायांना तेल लावत बसलेली असते आणि धाकटी दारात येऊन उभी राहते, आत येत नाही. पाच मिनिटं कोणी बोलत नाही, नुसता वाऱ्याचा आवाज. मी रडले.

शेवटाबद्दल बरेच जण नाराज आहेत की दोघींचं गोड होत नाही. मला तो बरोबर वाटतो. धाकटी सखारामबापूंच्या माणसांमार्फत काम करायची, अक्का नानांच्या, आणि पुढे खुद्द त्या दोघांचंच फाटलं. १७७८ ला मोरोबादादांचं नानांविरुद्ध कारस्थान झालं, १७७९ ला बापू कैदेत गेले आणि १७८१ ला रायगडावर कैदेतच वारले. वरची माणसंच अशी तुटली तर खाली या दोघी कशा एकत्र राहणार होत्या? शेवटच्या भागात धाकटी अक्काकडे एक थैली पाठवते, आत चिठ्ठी नाही, फक्त तिळगूळ.

ज्यांना घ्यायचीय त्यांनी वर्षाचा प्लॅन घेऊ नका, तीन महिन्यांचा पुरतो, रोज एक भाग ऐकला तरी होते. हेडफोन लावूनच ऐका, कुजबुज खूप आहे. आईचं सध्या भाग १९ चालू आहे आणि मला पुढचं विचारू नको म्हणून मी तिला सांगितलंय.