ओट्यासाठी ग्रॅनाइट की संगमरवर?

ग्रॅनाइट अग्निजन्य आणि संगमरवर रूपांतरित, हे आपण सगळेच शाळेत पाठ करतो. ओटा निवडताना ते कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आठ वर्षं संगमरवराचा ओटा वापरला, गेली सहा वर्षं ग्रॅनाइटचा वापरतोय. आता वाटतं, तो धडा तेव्हा नीट वाचायला हवा होता.

दिसायला संगमरवरच सरस, निदान माझ्या डोळ्यांना. संगमरवर ज्याचा बनतो त्या कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, स्फटिक उजेड थोडा आत शिरू देतात, म्हणून पांढऱ्या दगडाला आतून आल्यासारखी झळाळी असते. ग्रॅनाइट जवळून पाहावा. गारगोटीचा काचेसारखा कण, फेल्डस्पारचा दुधी किंवा गुलाबी, मध्येच अभ्रकाची चमक. शिलारस जमिनीखाली खोलवर सावकाश निवला, म्हणून हे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके मोठे झाले. देखणाच दगड, पण ती झळाळी त्याच्यात नाही.

खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोसच्या मापात कॅल्साइट 3, फेल्डस्पार 6, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ 7. म्हणजे सुरीचे ओरखडे संगमरवरावर पडणारच. माझ्याही ओट्यावर पडले, पण त्यांचा मला त्रास झाला नाही.

त्रास झाला तो लिंबाचा. एकदा रात्री कापलेलं अर्धं लिंबू ओट्यावर पालथं राहून गेलं. सकाळी उचललं, पुसलं, सगळं स्वच्छ दिसलं. थोड्या वेळाने खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि तिथे लिंबाएवढा निस्तेज गोल उमटलेला दिसला. बोट फिरवलं तर तेवढीच जागा खरखरीत. किती घासलं तरी जाईना. जाणार कसा? वर काही लागलेलंच नव्हतं, दगडाचंच पॉलिश विरघळलं होतं. संगमरवर हा मूळचा चुनखडक. उष्णतेने आणि दाबाने त्याचे स्फटिक नव्याने घडतात, पण कॅल्शियम कार्बोनेट ते कॅल्शियम कार्बोनेटच राहतं आणि आम्ल लागलं की झिजतं. मी सीलर लावून घेतला होता. तो तेल आणि रंग मुरू देत नाही, आम्लापुढे मात्र त्याचा उपयोग नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर टोमॅटो चिरताना, व्हिनेगर ओतताना एका हातात फडकं असायचंच. स्वयंपाकघरात कुणी आलं की माझं लक्ष त्यांच्या बोलण्यापेक्षा हातातल्या पेल्याकडे.

गारगोटीला आणि फेल्डस्पारला लिंबाचं काही वाटत नाही. गेल्या सहा वर्षांत तसा एकही गोल उमटलेला नाही. ग्रॅनाइट निर्दोष आहे असं नाही. माझा फिकट रंगाचा आहे आणि शेगडीशेजारी तेल मुरून हातभर जागा काळवंडली आहे. तिथे सीलर वेळच्या वेळी लावायला हवा होता, ती चूक माझी.

संगमरवर आवडत असेल तर पॉलिशऐवजी मॅट फिनिश घ्या, त्यावर या खुणा कमी उठून दिसतात. काहींना त्या खुणांसकट जुना होत जाणारा दगडच आवडतो, आणि तेही मला पटतं. रोजच्या राबत्या ओट्यासाठी मात्र मी पुन्हा ग्रॅनाइटच घेईन. फक्त बाजारात हे नाव सैल वापरलं जातं. काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारा दगड बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट हा वेगळाच अग्निजन्य खडक असतो. ओट्याला तोही चांगलाच, पण नावावर विसंबू नका. पसंत केलेल्या दगडाचा पॉलिश केलेला एक तुकडा घरी आणा, त्यावर लिंबाचा रस अर्धा तास राहू द्या, मग पुसून तिरप्या उजेडात धरा.